कूमनं भेट दिलेला पत्ता

सर्बियातल्या लिपोवात्स गावात मिलुंकासमोर वेबसाइटचा विषय काढायची सोय राहिलेली नाही. काढलाच, तर ती आधी सगळं नीट सांगते: कुठला प्रोग्रॅम फुकट मिळतो, जागा कुठं स्वस्त पडते, फोटो कुठल्या खिडकीत काढावेत. आणि शेवटी अशी एक शिवी हासडते की ऐकणारा चहाचा कप खाली ठेवतो. शिवी कुणाला, ते ती सांगत नाही. गावाला ठाऊक आहे.

ती दुलया शिवते. सासऱ्याच्या हाताखाली शिकली. मेंढीची लोकर धुवायची, उन्हात वाळवायची, हातानं पिंजायची, अस्तरावर सारखी पसरायची, वर साटीन घालायचं, दोरी आणि खडूनं सूर्य आखायचा नाहीतर मोर, आणि मग लाकडी पाटावर मांडी ठोकून चार-चार दिवस टाके घालत बसायचं. एके काळी गावात असे पाच कारखाने होते. आता ती एकटी. बाकीचं गाव बाजारातल्या प्लॅस्टिकच्या धाग्याच्या दुलया पांघरतं. धुवायला सोप्या, उचलायला हलक्या, आणि दुसऱ्या थंडीला आत गोळे.

तिच्या दुलया बेलग्रेडचा एक व्यापारी उचलायचा. अर्ध्या किमतीत. एकदा ती स्वतः तिकडं गेली, तर दुकानात तिचाच मोर टांगलेला आणि एक जर्मन बाई विचारतेय, हे कुणी शिवलं? व्यापारी म्हणाला, "आमचेच कारागीर आहेत, खेड्यात." मिलुंका तिथंच उभी होती, दोन हातांवर. तोंड उघडलं नाही, कारण पुढचे सहा नग त्याच्याकडेच द्यायचे होते. घरी येऊन मात्र नवऱ्यापुढं भडकली. "कारागीर! नाव नाही, गाव नाही. मेंढीला तरी कानात बिल्ला असतो, तिहोमिर!"

तिहोमिर म्हणाला, "मग उघड स्वतःचं दुकान."

तो चेष्टेनं म्हणाला होता. तिनं मनावर घेतलं.

त्याच नोव्हेंबरात नगरपालिकेनं वाचनालयात पन्नाशीपुढच्या लोकांसाठी फुकट वर्ग काढला होता, मंगळवार-गुरुवार सकाळी दहाला. सात बायका आणि एक निवृत्त पोस्टमन. शिकवायला वाचनालयातलीच बिसेनिया. चाळिशीची, काटकुळी, चष्मा डोक्यावर चढवून तो शोधत फिरणारी बाई. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, कोणाला काय हवंय? कुणाला नातवंडांचे फोटो हवे होते, कुणाला पाककृती. मिलुंका म्हणाली, "मला असं दुकान हवंय की ज्यात माझं नाव असेल आणि ज्याचं भाडं माझ्या अंगावर बसणार नाही."

"बरं," बिसेनिया म्हणाली, "म्हणजे इथं कुणीतरी कामाला आलंय."

मग सुरू झाली शोधाशोध. बेलग्रेडच्या एका कंपनीनं फोनवर बाराशे युरो सांगितले, आणि पुढं एकेक ओळ बदलायची झाली तरी वेगळे. मिलुंकानं विचारलं, "बाळा, त्यात गाय पण येते का?" आणि फोन ठेवला. दुसरी परदेशी तयार व्यवस्था होती: चौकोन ओढा, सोडा, झाली साइट. पहिला महिना फुकट, मग दरमहा सतरा युरो, दुकानाचा भाग हवा तर आणखी वर. तिनं तीन दिवस बसून त्यात सुंदर पान केलं. मग लक्षात आलं की तिथून निघायचं ठरवलं तर काहीच बरोबर नेता येत नाही, मांडलेला संसार तिथंच सोडून यायचा. आणि दुसरं म्हणजे, तिथं पैसे फक्त कार्डानं. आपली गिऱ्हाइकं पार्सल हातात आल्याशिवाय पोस्टमनला छदाम देत नाहीत, आणि व्हिएन्नातली आपली माणसं अजून बसच्या ड्रायव्हरबरोबर पाकिटात पैसे पाठवतात. हे त्या परदेशी लोकांना कोण समजावणार?

तिसरी व्यवस्था अगदी फुकट होती. पण साइटचा पत्ता आगगाडीएवढा लांब, मध्ये त्या कंपनीचं नाव, आणि मिलुंकाच्या सूर्याच्या डोक्यावर पोट कमी करायच्या चहाची जाहिरात. पोस्टमन हसून हसून खोकायला लागला. "मिलुंका, दुलई घे, चहा घे, झोपेत बारीक हो!"

"तू हस," ती म्हणाली. "तुझी पेन्शन येते."

शेवटी तिनं निवडलं ते असं. कुणीही फुकट वापरावा असा एक प्रोग्रॅम, जगभरच्या लोकांनी मिळून केलेला. तो ठेवायला आपल्याच देशातल्या एका छोट्या कंपनीकडं साडेतीनशे दिनार महिन्यानं जागा. तिथं फोन केला तर माणूस उचलतो आणि सर्बियनमध्ये बोलतो. रूप फुकटातलं, साधं, पांढरं. फोटो स्वतःच्या फोननं, उत्तरेच्या खिडकीत, कारण दुपारच्या उन्हात साटीन चकाकतं आणि टाके दिसत नाहीत. पहिल्यांदा तिनं फोटो होते तसेच चढवले, तर पान उघडायला एवढा वेळ लागला की तिहोमिर तेवढ्यात अंगणात जाऊन लाकडं फोडून आला. मग बिसेनियानं फोटो हलके करायचा एक फुकटचा प्रोग्रॅम दाखवला. ‘पोहोचल्यावर पैसे द्या’ हा चौकोन मिलुंकानं स्वतः शोधून बसवला. त्या दिवशी ती घरी जाताना बेकरीसमोर उगाचच दोनदा थांबली आणि ओळखीच्या बाईला सांगत बसली.

बिसेनियानं एकच गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली होती. "प्रोग्रॅम फुकटचा चालेल. जागा स्वस्तातली चालेल. रूप कुणाचंही उचललेलं चालेल. पत्ता मात्र तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशानं. बाकी सगळं जळालं तरी पुन्हा उभं राहतं. पत्ता दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुम्ही भाडेकरूसुद्धा नाही, पाहुणे. लिहून घ्या, मिलुंकाबाई."

मिलुंकानं लिहून घेतलं. खाली रेघही मारली.

डिसेंबरच्या एकोणीस तारखेला संत निकोला. घराची स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण. उपासाचा दिवस, मांस चालत नाही, म्हणून मासे, शेतातला पांढरा घेवडा, गोड गहू, मेणबत्ती. दुपारी टेबलाच्या डोक्याशी बसला होता ग्वोझ्देन, त्यांचा कूम, देवासमोर जोडलेला नातलग; मिलुंका त्याची कूमा. तिहोमिरच्या लग्नात चर्चमध्ये मागं उभा राहिलेला, त्यांच्या मुलाला, उरोशला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचललेला. चाचाकच्या रस्त्यावर त्याचं सोफे-गाद्यांचं मोठं दुकान. धिप्पाड माणूस, गाणं लागलं की रडणारा. तिहोमिरच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन वेळा स्वतः गाडी हाकत बेलग्रेडला घेऊन गेला होता, पेट्रोलचे पैसे विचारले तर आठवडाभर बोलला नव्हता. हे मिलुंका विसरली नव्हती, आजही विसरलेली नाही. तेच तर दुखणं आहे.

"कूमा," तो म्हणाला, "काय ऐकतोय? तू म्हणे कॉम्प्युटरवर दुकान टाकतेयस?"

"टाकलंय की. सगळं झालं. पत्ता तेवढा विकत घ्यायचा राहिलाय, सोमवारी घेईन."

"पत्ता? केवढ्याला?"

"वर्षाला दोन हजार दिनारांच्या आत."

"आणि ते तू देणार? मी मेलोय का?" त्यानं राकियाच्या दारूचा ग्लास बाजूला सारला आणि खिशातून फोन काढला. "माझं खातं आहे तिथं. दुकानाची साइट तिथलीच. बोल, काय नाव हवंय? मिलुंका? घे, मिलुंका. स्लावेच्या दिवशी कूम रिकाम्या हातानं येतो का?"

मिलुंका त्याच्या खांद्यामागं उभी होती, हातात माशाचं ताट. तिला सगळं दिसत होतं. मालक: ग्वोझ्देन कोमेर्त्स. खाली दुकानाचा कर क्रमांक. खाली त्याचाच ईमेल.

"कूम, ते मालकाच्या जागी..."

"कंपनीच्या नावावर टाकलं की खर्चात जातं, कूमा. आणि आपण कधीपासून तुझं-माझं करायला लागलो?"

टेबल हसलं. तिहोमिरनं तिच्याकडं असं बघितलं की बाई, आता पुरे.

आता सांगा, काय करायचं होतं तिनं? बँकेकडं कागद मागता येतो. सख्ख्या भावाकडं मागता येतो, आणि आपल्याकडं मागतातच, कोर्टात जाऊन मागतात. कूमकडं कागद मागायचा म्हणजे भरल्या टेबलावर, मेणबत्तीसमोर, त्याला चोर म्हणायचं. असली हिंमत आमच्यात कुणाची झालेली ऐकिवात नाही. मिलुंका म्हणाली, "देव तुझं भलं करो, कूम," आणि माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात वाढला.

जानेवारीत वर्ग संपला, तेव्हा बिसेनियानं एकेकाला विचारलं. पत्ता कुणाच्या नावावर?

"माझ्या," मिलुंका म्हणाली. पन्नाशी उलटलेली बाई, शाळकरी पोरीसारखी खोटं बोलली.

आणि दुकान चाललं! तेही खरंच आहे, नाही कसं म्हणायचं? पहिल्या वर्षी अकरा दुलया, दुसऱ्या वर्षी चाळीसच्या वर. व्हिएन्ना, श्टुटगार्ट, ग्राझ. मुलीच्या लग्नासाठी, नातीच्या पाळण्यासाठी, म्हाताऱ्या आईला परदेशात ऊब मिळावी म्हणून. लोक लिहायचे, "मिलुंकाताई, माझ्या आजीकडं असाच मोर होता." आळीतल्या दोन बायका ती लोकर पिंजायला घेऊन बसायची. बसचे ड्रायव्हर तिला नावानं हाक मारायचे. बेलग्रेडच्या व्यापाऱ्याला तिनं एके दिवशी फोन करून सांगितलं की आता तुझे कारागीर संपले. सांगताना उभी होती, ठेवल्यावर खुर्चीत बसून खूप हसली.

दर डिसेंबरात ती ग्वोझ्देनकडं पाकीट घेऊन जायची, पत्त्याचे पैसे. तो पाकीट परत तिच्या पिशवीत कोंबायचा. "माझा अपमान करतेस?" ती म्हणायची, "मग निदान माझ्या नावावर करून दे." हे मनातल्या मनात. ओठांपर्यंत यायचं आणि कॉफीबरोबर खाली जायचं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, बुधवारी सकाळी, तिनं साइट उघडली आणि तिची साइट नव्हती.

वर तिचंच नाव होतं, मोठ्या सोनेरी अक्षरात. ‘मिलुंका. आजीच्या हातची दुलई.’ तिच्या हातांचा फोटोही होता, तिनंच उत्तरेच्या खिडकीत काढलेला. आणि खाली ओळीनं दुलया. गुलाबी, निळ्या, मशीनच्या टाक्याच्या, पोटात प्लॅस्टिकचा धागा. तीन हजार नऊशे दिनार. मिलुंकाची अठरा हजाराला जायची. सगळ्यात खाली बारीक अक्षरात ग्वोझ्देनच्या दुकानाचा फोन.

ती तशीच, सपाता घालून, चाचाकच्या रस्त्यानं दुकानात गेली. ग्वोझ्देन एका सोफ्यावर बसून पेपर वाचत होता. दुकानात दुसरं चिटपाखरू नव्हतं.

"कूम, हे काय केलंस?"

"ये, बस. कॉफी घेतेस?"

"कॉफी गेली खड्ड्यात! माझं नाव लावून प्लॅस्टिक विकतोस?"

"ओरडू नकोस, रस्त्यावर ऐकू जातं." त्यानं पेपरची घडी केली. "हायवेवर ते मोठं दुकान आलं, माहीत आहे ना? सहा महिने झाले, एक गादी जात नाही. दोन माणसं काढली. आणि हा पत्ता माझ्याच खात्यात, रोज शंभर माणसं त्यावर येतात. मी नुसता बघत बसू?"

"ती शंभर माणसं माझी आहेत!"

"आपली," ग्वोझ्देन म्हणाला, अगदी शांतपणे. "कूमा, मी तुला बुडवतोय का? लोकरीची मागणी आली की तुझ्याकडं पाठवीन. तू शिव, मी विकीन, तुला नगामागं नऊ हजार देतो. तुला ती पोस्टाची दगदग नको, काही नको."

नऊ हजार म्हणजे अर्धी किंमत. बेलग्रेडचा व्यापारी तेवढीच द्यायचा.

"तीन वर्षं तुझ्याकडून एक पैसा घेतला का मी?" ग्वोझ्देन म्हणाला. आणि गंमत म्हणजे त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "सांग ना, घेतला का?"

जागेच्या कंपनीत तिनं फोन केला. तिकडची मुलगी भली होती. "बाई, तुमची साइट आमच्याकडं जशीच्या तशी आहे, सुखरूप आहे. पण पत्ता कुणाकडं वळवायचा ते पत्त्याचा मालक ठरवतो. आमच्या हातात नाही." म्हणजे घर शाबूत, दार दुसऱ्याच्या घरात उघडतंय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा नागोबा दर स्लावेला टेबलाच्या डोक्याशी बसतो.

ती वाचनालयात गेली आणि बिसेनियाला सगळं सांगितलं. खोटं बोलले होते, तेही सांगितलं. बिसेनियानं चष्मा डोक्यावरून काढला, पुसला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

"फळ्यावर लिहिलं होतं मी."

"लिहिलं होतंत."

"केवढ्या अक्षरात?"

"मोठ्या."

मग बिसेनियानं खुर्ची ओढली आणि शोधायला बसली, कारण ती तसलीच बाई आहे. पत्त्यांच्या भांडणांवर निवाडा करणारी एक समिती असते. अर्ज करायचा. नाव तुमचं, हात तुमचे, तीन वर्षांची गिऱ्हाइकं तुमची, पोस्टाच्या पावत्या तुमच्या. फी जड आहे, पण जिंकाल. "मला तर वाटतं, शंभर टक्के जिंकाल," बिसेनिया म्हणाली. "फक्त इथं, या रकान्यात, कुणाविरुद्ध तक्रार आहे त्याचं पूर्ण नाव घाला."

मिलुंकानं अर्ज घरी नेला. आठ दिवस बसून भरला. पावत्या लावल्या, पत्रं लावली, फोटो लावले. त्या रकान्यात नावही लिहिलं. तिहोमिरनं ते वाचलं आणि टीव्ही बंद केला.

"सप्टेंबरात उरोशचं लग्न आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. मी आई आहे त्याची."

"चर्चमध्ये त्याच्या मागं कोण उभं राहणार? हा अर्ज?"

"दुसरं कुणीही राहील! जगात माणसं संपली का?"

"कूम काही बटण नाही, मिलुंका. तुटलं, दुसरं लावलं."

"बटण तुटलं तर मी लावते! तीस वर्षं लावतेय! तुझ्या कूमनं माझं नाव तोडून स्वतःच्या कोटाला लावलंय, त्याचं काय?"

तिहोमिर छातीवर हात ठेवून, जिथं ऑपरेशनचा व्रण आहे तिथं, हळूच म्हणाला, "मला तीन वेळा नेलं त्यानं." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

उरोशला फोन लावला. तो नोव्ही सादला बसगाड्या दुरुस्त करतो, सरळ मुलगा आहे. "आई," तो म्हणाला, "साइट तू केलीस ना? मग दुसरी कर. स्वस्तात होते, तूच सांगतेस सगळ्यांना. माझ्या बाप्तिस्म्याच्या कूमला मी समितीपुढं ओढलं, तर नेवेनाच्या आईबापाला काय सांगू? आमच्या घरात कूमवर खटला भरतात, या, पोरगी द्या?"

जूनमध्ये उरोश नेवेनाला घेऊन आला, कूमला रीतसर बोलवायला. फुलं आणि नाणी बांधलेली राकियाची चपटी बाटली घेऊन चौघं ग्वोझ्देनच्या घरी गेले. अर्ज मिलुंकाच्या पिशवीत होता, पोस्टात टाकायला निघालेला. ग्वोझ्देननं बाटली दोन्ही हातांनी घेतली, एक घोट प्यायला, उरोशला तीनदा कुशीत घेतलं आणि ढसाढसा रडला. "माझ्या पोरा," म्हणाला. "तुला मी या हातांवर धरलंय." उरोशही रडला. तिहोमिर रडला. नेवेना, जिला काही ठाऊक नव्हतं, तीसुद्धा रडली.

ते रडणं खोटं असतं ना, तर मिलुंकानं पोस्ट गाठलं असतं. ते खोटं नव्हतं. तिनं घरी येऊन अर्ज चुलीत घातला, पावत्या मात्र आधी काढून घेतल्या.

"राहू दे म्हणता?" बिसेनिया म्हणाली. तिचा आवाज चढला होता, वाचनालयात दोन माणसांनी माना वळवल्या. "आणि तुमच्या नावानं तो वाटेल ते विकणार?"

"तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, बिसेनियाबाई. खायचा."

तिनं नवा पत्ता घेतला, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशानं. दोन हजार दिनारांच्या आत. साइट तीच, जागा तीच, एका दुपारीत सगळं जोडून झालं. पण त्या पत्त्याकडं येणार कोण? लोकांच्या तोंडी जुना होता, व्हिएन्नाच्या बायकांनी एकमेकींना जुना दिलेला. जुलैत दोन मागण्या आल्या. ऑगस्टमध्ये एक पत्र. ग्राझची कुणी बाई लिहीत होती: ‘तुमची दुलई घेतली. वास येतो, आणि माझ्या आईला रात्रभर घाम फुटतो. म्हातारीला फसवून काय मिळालं तुम्हाला? आता दुसऱ्या नावानं दुकान काढलंत, लाज नाही वाटत?’ मिलुंकानं उत्तर लिहायला घेतलं. ती मी नव्हे. मग तो कोण? माझा कूम. तो असं का करतो? तिनं चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी त्या म्हातारीसाठी कपाटातली एक लोकरीची दुलई काढली आणि बसनं फुकट पाठवून दिली. तिकडून काही कळलं नाही.

सप्टेंबरात लग्न झालं. मांडव घातला होता, चार तुताऱ्या आणि एक ढोल, भाजलेलं डुक्कर, साडेतीनशे पानं. चर्चमध्ये ग्वोझ्देन उरोशच्या मागं उभा राहिला, नव्या सुटात, मेणबत्ती धरून, आणि त्याचा हात एकदाही हलला नाही. तसा कूम शोधून सापडायचा नाही, असं सगळे म्हणाले.

जेवणाआधी भेटी. माइकवर पुकारायच्या, आणि पहिली कूमची. त्यानं एक पाकीट दिलं, जाडजूड, आणि मग त्याच्या दुकानातल्या माणसानं एक मोठं, फित बांधलेलं गाठोडं आणलं. फित सोडली. पांढरी शुभ्र दुलई, चकचकीत, कडेला सोनेरी धाग्यात मशीननं भरलेलं नाव: मिलुंका.

"वराच्या आईच्या नावाची दुलई!" माइकवाला ओरडला. "कूमकडून! असा कूम देव प्रत्येकाला देवो!"

तुताऱ्या वाजल्या. लोक टाळ्या पिटत होते. ग्वोझ्देन हसत हसत मिलुंकाकडं वळला, हात पसरून. अगदी निर्मळ हसत होता तो. त्याला वाटत होतं, त्यानं तिचा मान केला.

दुलई वधूच्या टेबलावर पसरली. नेवेनाची आजी, क्रुनिया नावाची, बानातच्या कुठल्याशा खेड्यातून आलेली, काळा रुमाल बांधलेली बाई, शेजारीच बसली होती. जन्मभर मेंढ्या राखलेल्या. तिनं दुलईची कड दोन बोटांत धरली, चोळली, नाकाशी नेली. मग मिलुंकाकडं बघितलं. टेबलाभोवती सगळे थांबले, म्हाताऱ्या माणसाचं कौतुक ऐकायला.

"विहीणबाई, ही तू शिवलीस?"

उरोशनं मान खाली घातली. तिहोमिर ग्लासातल्या राकियाकडं बघत राहिला. नेवेना तिच्याकडं हसऱ्या तोंडानं बघत होती. ग्वोझ्देनही बघत होता, विनवणी नाही, धास्ती नाही, घरच्या माणसाकडं बघावं तसा.

"हो," मिलुंका म्हणाली. "मीच शिवली."

म्हातारीनं कड सोडून दिली आणि बोटं रुमालाला पुसली. "आमच्याकडं बायका म्हणतात, मिलुंकाच्या दुलईत आता लोकर नसते. मी म्हणत होते, माणसं जळतात, काहीही बोलतात." तिनं नातीकडं बघितलं. "बरं. पोरीला ऊब मिळाली म्हणजे झालं."

तुताऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मिलुंकानं दुलईची घडी घातली, चारही कोपरे जुळवून, जशी ती आपल्या हातच्या दुलईची घालते. मग ती वाढायला उठली, कारण पहिलं ताट कूमचं असतं.